आधी पाट, मग पीक. आधी रेल्वे, मग इमारत



पनवेल, उरण, पेण तालुक्यांत आज कोणत्याही गावात बैठक घ्या, पहिला प्रश्न एकच येतो : जमिनीचे किती टक्के परत मिळणार? प्रश्न रास्त आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या भूमीवर पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरात पडला. टक्क्याची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? पण टक्के ठरले की आपण चटई झटकून घरी जातो. मग स्टेशन कुठे, बाजार कुठे, रस्ता किती रुंद, हे भलतेच लोक ठरवतात. या दुसऱ्या हिशेबाबद्दल मला बोलायचे आहे.

मी शेतकीचा पदवीधर. भातखाचरात पाणी सतत तुंबून राहिले की मिथेन वायू निघतो. पाणी आळीपाळीने सोडले आणि सुकवले तर तो कमी होतो, हे मी शिकलो आणि बांधाबांधावर सांगत फिरलो. शेत तेच, बियाणे तेच, पाण्याची आखणी बदलली की वायू बदलतो. हवा तापते म्हणून भात पिकवणाऱ्याला शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतात. त्याच भाताच्या जमिनीवर जे शहर उठते त्याच्या धुराचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो आपण मांडू.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर धावली तर दिवसाला ६ किलो आणि वर्षाच्या ३०० दिवसांत १,८०० किलो झाले. हजार घरांचे संकुल धरा आणि त्यातल्या निम्म्या घरांतून रोज अशी एक मोटार बाहेर पडते असे धरा : वर्षाला ९०० टन. हे संकुल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असेल तर यातल्या बऱ्याच मोटारी दारातच उभ्या राहतील. स्टेशन नसेल तर राहणाऱ्याला शिव्या देऊन काय उपयोग? तो धूर नकाशा काढला त्याच दिवशी ठरून गेलेला असतो.

नवी मुंबईचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे शहर आखले गेले. मूळ कल्पना चांगली होती. घराजवळ काम असावे, मुंबईवरचा भार कमी व्हावा, वाशी-नेरूळ-बेलापूर अशी उपनगरे रेल्वेच्या दोऱ्यात ओवावीत. प्रत्यक्षात मंत्रालय मुंबईतच राहिले आणि नरिमन पॉइंटला भराव टाकून कचेऱ्यांचे मजले चढत गेले. खाडीपूल १९७३ मध्ये झाला. वाशीला लोकल यायला १९९२ उजाडले. खारघरची मेट्रो २०११ मध्ये सुरू केली ती २०२३ मध्ये धावली. उलव्यात माणसे राहायला आली आणि स्टेशन २०१८ मध्ये आले. न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून चालू आहे, त्याच्या कंटेनरच्या रांगा आपण तेव्हापासून पाहतो आहोत. उरणच्या माणसाला लोकल मिळाली जानेवारी २०२४ मध्ये. पीक करपल्यावर पाट खणण्यातला हा प्रकार. वीस वर्षे ज्या घराने मोटारसायकल नाहीतर मोटार घेऊन दिवस काढले, ते रेल्वे आली म्हणून ती एका दिवसात विकत नाही.

पण त्याच रेल्वेतून एक धडा घेण्यासारखा आहे. या मार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने ३३ टक्के. सिडकोचा पैसा कुठला? भूखंड विकून आलेला. म्हणजे वाशीची लोकल आपल्या बापजाद्यांच्या खाजणावर आणि मिठागरांवर आली आहे. जमिनीच्या पैशातून रेल्वे होऊ शकते हे इथेच सिद्ध झाले. फक्त ती आधी झाली पाहिजे.

हे आज सांगण्याचे कारण असे की पुढचे नकाशे आता निघत आहेत. विमानतळाभोवतीचे नैना क्षेत्र २०१३ मध्ये अधिसूचित झाले. तिथल्या नगररचना योजनांत शेतकऱ्याच्या हाती ४० टक्क्यांचा भूखंड राहतो. बाकीची जमीन रस्ते, मोकळ्या जागा, सोयी अशा कारणांसाठी जाते. अनेक गावांचा याला विरोध आहे. २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांवर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची मोहोर उठली आणि एमएमआरडीएला तिथले प्राधिकरण नेमले गेले. त्याच वर्षी अटल सेतू उघडला. त्यावर मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. नव्या नगराचा पहिला दरवाजा मोटारवाल्यासाठी उघडला, यावरून पुढचा नकाशा कुणाच्या सोयीचा निघेल ते ओळखा.

गेल्या पावसाळ्यात एका बैठकीत एक आबा मला म्हणाले, "साहेब, धुराचं काय घेऊन बसलात? आमचे टक्के बोला." आबांना माझे उत्तर असे. तुमच्या ४० टक्के भूखंडाला भाव कशाने येणार? स्टेशन चालत अंतरावर असेल तर येणार. तुमची नात कॉलेजला रिक्षाला पैसे मोजत जाणार की बसने? सून भाजीची पाटी घेऊन कुठे बसणार? टक्के आणि धूर एकाच नकाशावर आहेत.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. सरकारी बंधने नकोत म्हणणारी आपली चळवळ, ती आणखी नियम मागणार काय? तर सध्याची मोठी सक्ती पाहा : बांधकाम नियमावलीत घरामागे किमान अमुक मोटारींची जागा ठेवलीच पाहिजे असे कोष्टक आहे. ज्याच्याकडे मोटार नाही तोही त्या जागेची किंमत घराच्या दरात भरतो. ही सक्ती काढा म्हणणे म्हणजे बंधन कमी करा म्हणणेच आहे. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७० च्या दशकापासून बसच्या मुख्य मार्गांलगतच उंच इमारतींना वाव दिला आणि ते जगात नावाजले गेले. तेही विकसनशील देशातलेच शहर.

म्हणून प्रत्येक गावाच्या हरकतीत टक्क्यांबरोबर या चार मागण्या लिहा. एक, स्टेशन किंवा बससेवा सुरू झाल्याशिवाय त्या भागातल्या मोठ्या संकुलांना भोगवटा दाखला नको. दोन, जादा एफएसआय स्टेशनपासून चालत अंतरात द्या, आणि मूळ शेतकऱ्यांचे भूखंडही तिथेच द्या. त्यांना कोपऱ्यात ढकलू नका. तीन, स्टेशनजवळ पार्किंगची सक्ती रद्द करा आणि गावठाणातून स्टेशनला पायवाट, सायकलवाट आखा. चार, प्रत्येक नव्या वस्तीत शेतमालाच्या बाजाराची जागा राखा. पनवेलची भाजी वाशीच्या बाजारात जाऊन पुन्हा पनवेलला विकायला येते, तो फेरा थांबवा.

१९६६ च्या नगररचना कायद्याने प्रारूप आराखड्यावर हरकत घेण्याचा अधिकार दिला आहे. नवी मुंबई महापालिकेचा पहिला प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये, महापालिका सुरू होऊन तीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. तेव्हा लोकांनी हजारो हरकती नोंदवल्या. एकदा मंजूर झालेला आराखडा वीसेक वर्षे डोक्यावर बसतो, आणि हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. ती उलटून गेल्यावर मोर्चे काढून गेलेली वेळ परत येत नाही.

जिल्हा बैठकीला येताना गावचा सात-बारा आणाच. बरोबर गावचा नकाशाही आणा. त्यावर आधी गावठाण, नाला आणि शाळा दाखवू, मग स्टेशन कुठे हवे ते आपल्या हाताने मांडू.