दशम्यांचा डबा आणि लोणारचं विवर
सुट्टी लागली की आमच्या जालन्यात घरोघरी महाबळेश्वर-गोव्याच्या गप्पा रंगतात, आणि शेवटी गाडी निघते ती लोणारला. बरंच होतं म्हणा. पहाटे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरायची, उन्हं चढायच्या आत सिंदखेडराजा गाठायचं. लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी, आमची पोरंसुद्धा आवाज खाली आणतात, एरवी अशक्य. मग लोणार. उल्केनं काळ्या बेसॉल्टमध्ये पाडलेलं, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. काठावरून ते नुसतं सुंदर दिसतं. खरी गंमत खाली उतरताना. झाडी दाटते, वानरं डब्यावर डोळा ठेवून मागं येतात आणि खाऱ्या पाण्याचा उग्र वास नाकात शिरतो. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. धाकटीला अजून तो रंग हवाय. दर खेपेला हिरवट पाणी बघून ती रुसते. वेरूळ-अजिंठाही टप्प्यातलेच, फक्त वार पाहून निघा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आम्ही एकदा नेमकी अदलाबदल केली आणि दशम्या वेरूळच्या पार्किंगमध्येच संपवल्या.