विश्लेषण : कोटेशन तीन, सर्व्हर एक! व्यवसायासाठी कंपनी कशी निवडावी?

डेल, एचपीई, लेनोव्हो की सुपरमायक्रो? कार्यालयातला जुना सर्व्हर बदलायचा म्हटले की तीन विक्रेत्यांची तीन कोटेशन टेबलावर येतात. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, हार्ड डिस्कही तशाच. किमतीत थोडाफार फरक. मग सर्वांत स्वस्त कागदावर सही होते आणि विषय संपतो. खरा फरक मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतो आणि तेव्हा कारखान्याचा हिशेब, दवाखान्याचे रिपोर्ट किंवा पतसंस्थेची खाती त्या एका डब्यात अडकलेली असतात.

नाव वेगळे, आत तेच?

बऱ्याच अंशी होय. सर्व्हरमधला प्रोसेसर इंटेलचा झिऑन असतो किंवा एएमडीचा एपिक. मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच कंपन्यांकडून येते. पुढच्या पट्टीवरचे नावही वाटते तितके कायमचे नसते. आज एचपीईच्या नावाने विकली जाणारी ‘प्रोलायंट’ मालिका मुळात कॉम्पॅकची, १९९३ सालची. २००२ मध्ये एचपीने कॉम्पॅक विकत घेतली आणि २०१५ मध्ये एचपीचेच दोन भाग होऊन सर्व्हर एचपीईकडे गेले. आयबीएमने आपला इंटेल प्रोसेसरवर चालणारा सर्व्हर व्यवसाय २०१४ मध्ये लेनोव्होला विकला. त्यामुळे ‘कोणाचा सर्व्हर जास्त वेगवान’ या चर्चेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. एकाच प्रोसेसरचे आणि तेवढ्याच रॅमचे दोन सर्व्हर टॅली किंवा ईआरपी जवळपास सारख्याच वेगाने चालवतील. प्रश्न बिघाड झाल्यावर काय होते, हा आहे.

३२,७६८ तासांचे प्रकरण काय होते?

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने ग्राहकांना एक तातडीची सूचना दिली. काही एसएएस प्रकारच्या एसएसडी एकूण ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार होत्या. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ना डिस्क चालणार होती, ना तीतला डेटा परत मिळणार होता. हा आकडा अभियंत्यांच्या लगेच ओळखीचा वाटेल : २ चा पंधरावा घात. चिन्हासह १६ बिटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ असते, त्याच्या पुढचाच हा आकडा.

यातली भयानक बाब वेगळीच होती. डिस्क बिघडते हे सर्वांना माहीत असते, म्हणून तर ‘रेड’ पद्धतीने दोन-चार डिस्क जोडून ठेवतात. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहते. पण एकाच दिवशी खरेदी केलेल्या आणि एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क एकाच दिवशी ३२,७६८ तास पूर्ण करतात. तिथे रेडचा काही उपयोग नाही. उपाय साधा होता, वेळेआधी नवे फर्मवेअर टाकणे. मात्र ते टाकणारा कोणीतरी हवा आणि सूचना आल्याचे त्याला कळायला हवे.

मार्च २०२० मध्ये अशीच दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची. हा दोष एचपीईपुरता नव्हता, डेलनेही त्याच सुमारास तशाच डिस्कसाठी दुरुस्ती दिली. कारण डिस्क बनवणारा तिसराच होता. म्हणजे ब्रँड बदलून हा धोका टळला नसता. फरक पडणार होता तो सूचना ग्राहकापर्यंत किती लवकर पोहोचते आणि दुरुस्ती कोण करून देते, यात. सर्व्हरची नोंदणी विक्रेत्याच्या नावावर राहिली असेल तर कंपनीचा ईमेल विक्रेत्याकडेच जातो. आपल्याकडे लहान कार्यालयांत हे सर्रास होते.

फर्मवेअर फुकट नसते का?

नेहमी नाही. फेब्रुवारी २०१४ पासून एचपीने प्रोलायंटच्या बायोसचे अपडेट वॉरंटी किंवा सपोर्ट करार चालू असलेल्यांनाच द्यायला सुरुवात केली. डेलच्या संकेतस्थळावर मात्र सर्व्हिस टॅग टाकला की करार नसला तरी अपडेट उतरवता येतात. सेकंड हँड सर्व्हर घेणाऱ्यांनी किंवा पाच वर्षांनंतरही तोच सर्व्हर वापरणाऱ्यांनी हा फरक किमतीत धरायला हवा. अर्थात डेलही संत नाही. २०१० मध्ये तिने एका रेड कंट्रोलरवर इतर कंपन्यांच्या डिस्क चालणारच नाहीत अशी व्यवस्था केली होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर ती मागे घेतली.

दुसरा छुपा खर्च दूरनियंत्रणाचा. सर्व्हर हँग झाला तरी बाहेरून त्याचा स्क्रीन बघता यावा, तो बंद-चालू करता यावा यासाठी डेलकडे आयड्रॅक, एचपीईकडे आयएलओ आणि लेनोव्होकडे एक्सक्लॅरिटी असते. पण संपूर्ण सुविधेसाठी वेगळा परवाना लागू शकतो आणि स्वस्त कोटेशनमधून नेमकी हीच ओळ गायब असते. हार्डवेअरवाला वीस किलोमीटरवर राहत असेल तर हा परवाना पहिल्याच बंद पडलेल्या रविवारी वसूल होतो.

‘नेक्स्ट बिझनेस डे’ म्हणजे कधी?

शब्दशः पुढचा कामाचा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी पॉवर सप्लाय जळाला तर सोमवार उजाडेल, मध्ये सुट्टी आली तर मंगळवार. चार तासांत माणूस येण्याची सेवाही विकत मिळते, पण ती सुट्या भागांचे गोदाम किती जवळ आहे यावर अवलंबून असते. मुंबई-पुण्यात जे मिळते ते गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात त्याच नावाने मिळेलच असे नाही. म्हणून आपला पिनकोड देऊन त्या पत्त्यावर नेमकी कोणती सेवा मिळेल, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. जो विक्रेता हे लिहून द्यायला टाळाटाळ करतो त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो बाजूला ठेवलेला बरा. तिन्ही मोठ्या कंपन्यांत निवड करताना ब्रँडपेक्षा हा कागद अधिक महत्त्वाचा. एका जिल्ह्यात डेलचा माणूस लवकर येतो, शेजारच्या जिल्ह्यात लेनोव्होचा. परिसरातल्या दोन-तीन कारखान्यांत चौकशी केली तर ते अर्ध्या तासात कळते.

सुपरमायक्रोचे गणित निराळे आहे. हव्या तशा जुळणीचे सर्व्हर मिळतात, पण सेवा बहुतांशी जुळणी करून देणाऱ्या भागीदारावर टिकून असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या लेखापरीक्षक संस्थेने, अर्न्स्ट अँड यंगने, राजीनामा दिला तेव्हा बरीच खळबळ उडाली होती. नंतर नवे लेखापरीक्षक आले आणि रखडलेले हिशेबही सादर झाले. स्वतःचे तंत्रज्ञ आणि कपाटात सुटे भाग असलेल्या कंपनीला सुपरमायक्रो परवडते. दहा-पंधरा संगणकांच्या कार्यालयाने त्या वाटेला जाऊ नये.

जास्त कोअर घेतले तर फायदाच ना?

विंडोज सर्व्हर वापरायचे असेल तर आधी परवान्याचा हिशेब करावा. मायक्रोसॉफ्ट २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर पैसे घेते, एका सर्व्हरला किमान १६ कोअरचे. ‘थोड्याच पैशांत ३२ कोअर’ म्हणून विक्रेत्याने गळ्यात मारलेला प्रोसेसर परवान्याचा खर्च थेट दुप्पट करतो. पंधरा जणांच्या टॅलीला एवढे कोअर लागतही नाहीत.

किती वर्षांसाठी घ्यायचा?

कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हरचे आयुष्य ६ वर्षे धरले आहे, लॅपटॉप-डेस्कटॉपचे ३. मग ३ वर्षांची वॉरंटी घेऊन उरलेली ३ वर्षे देवावर सोडण्यात शहाणपणा नाही. वॉरंटी संपल्यावर ती वाढवणे बहुधा महाग पडते, म्हणून ५ वर्षांचा भाव पहिल्याच दिवशी मागावा. तिन्ही कोटेशनची तुलनाही पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करावी. पहिल्या दिवशीचा स्वस्त सर्व्हर तेव्हा पुष्कळदा तिसऱ्या क्रमांकावर जातो.

सरकारी नियमही लक्षात घ्यावे लागतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर घेणे २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. प्रायव्हेट लिमिटेडही त्यात आली. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती ६ तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. त्यासाठी डिस्कवर जागा ठेवायला हवी. ही बाब कोटेशन मागवताना क्वचितच कोणी सांगते.

देशी पर्याय आहे का?

आहे, पण लहान खरेदीदारासाठी अजून मर्यादित. पुण्याच्या सी-डॅकने ‘रुद्र’ सर्व्हर विकसित केला. त्यावर आधारलेला परम रुद्र महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी कार्यान्वित झाला. फरिदाबादची नेटवेब सर्व्हर बनवते. एचपीईने २०२३ मध्ये मानेसर येथे उत्पादनाची घोषणा केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने लॅपटॉपबरोबर सर्व्हरच्या आयातीवरही परवानगीची अट घातली, मग ती पुढे ढकलून नोंदणीची पद्धत आणली. म्हणून माल पोहोचवण्याची तारीख ऑर्डरमध्येच घालून घ्यावी.

विंडोज सर्व्हर २०१६ वर चालणाऱ्या कार्यालयांपुढे तर तारीख ठरलेलीच आहे : मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ रोजी थांबतात.