सूर्य सगळ्यांचा, पण गच्ची कोणाची?

चलथाण-कडोदरा पट्ट्यातल्या सोसायट्यांत गच्च्यांवर सोलरच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. समाजाच्या कार्यक्रमात भेट झाली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडे सोलर बसवलं का?" बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात आमची हयात गेली. त्या सवयीने या विषयाचा हिशेब समाजबांधवांपुढे मांडतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर मोफत वीज योजना आणली. 1 कोटी घरांचे उद्दिष्ट आहे, तरतूद 75,021 कोटींची आणि मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते. त्याहून मोठा संच बसवला तरी रक्कम तेवढीच राहते. गुजरातला हे नवे नाही. इथे 2019 पासून राज्याची सूर्य योजना होतीच, आणि मेहसाणा जिल्ह्यातले मोढेरा ऑक्टोबर 2022 मध्ये देशातले पहिले चोवीस तास सौरविजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले.

पण अनुदान जास्त मिळते म्हणून सरसकट तीन किलोवॉट घेणे बरोबर नाही. एक किलोवॉटचा संच सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो. आपण महिन्याला 100 युनिट धरू. उदाहरणापुरता तीन किलोवॉटचा खर्च 1,70,000 रुपये धरला, तर अनुदान वजा जाता पदरचे 92,000 जातात. ज्या घरात एसी, फ्रिज, मोटार मिळून महिन्याला 300 युनिट जळतात, तिथे 7 रुपये दराने महिन्याला 2,100 रुपये वाचतील आणि पैसा चार वर्षांच्या आत वसूल होईल. ज्या घरात 100 युनिटच लागतात, तिथे बाकीची 200 युनिट वीज कंपनीला जातील. राज्याच्या 2019 च्या योजनेत शिल्लक युनिटचा भाव 2 रुपये 25 पैसे ठरला होता. त्या भावाने वसुलीला साडेसहा वर्षांहून जास्त लागतील. त्याच घराने 65,000 रुपयांचा एक किलोवॉटचा संच घेतला तर अनुदान जाऊन 35,000 पडतील आणि ते सव्वाचार वर्षांत निघतील. म्हणून विक्रेत्याचे कागद बघण्याआधी घरातली बारा महिन्यांची लाइट बिले काढा. वीज पूर्ण आपली झाली तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गैरसमज आहे. धुळे-नंदुरबारकडे आपल्या भाऊबंदांच्या शेतात सौर पंप आले आहेत. ते थेट उन्हावर चालतात, गावात लाइट असो वा नसो. घरावरचा नेट मीटरचा संच तसा नाही. बाहेरची वीज गेली की तोही आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय असते. लाइट गेल्यावर पंखा चालू हवा असेल तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा.

आता मूळ प्रश्न. योजनेसाठी स्वतःचे घर, पाट्या बसतील असे छप्पर आणि आपल्या नावाचे वीज कनेक्शन लागते. आपल्या समाजात ज्यांची रो-हाऊस आहेत, त्यांतल्या काही घरांत बिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर येते. तिथे आधी वारसनोंद आणि नाव बदलून घ्या, मगच अर्ज करा.

फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची असते. तिथे एकट्याने पाट्या टाकल्या तर भांडण ठरलेले. अशा सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याची मोटार, जिन्यातले दिवे या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान आहे. रीतसर ठराव करून ते घेता येते आणि प्रत्येकाचा मेंटेनन्स कमी होतो. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला आणि उत्तरायणाला पोरांना गच्ची लागतेच. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा जाते. पाट्या उंच सांगाड्यावर घेतल्या तर खालची जागा मोकळी राहते, मात्र खर्च वाढतो. हे आधी बोलून घ्यावे.

सर्वांत अडचण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची आहे. बिल ते भरतात, छप्पर मालकाचे, आणि अनुदानही मालकालाच. उद्या मालकाने सोलर बसवले आणि भाडेकरूकडून युनिटचा जुनाच दर घेतला, तर सगळा फायदा एका बाजूला जाईल. असे मालक आपल्या समाजातही आहेत. त्यांना आमची विनंती आहे की भाडेकरारात विजेचा दर लिहून द्यावा आणि बचतीतला वाटा भाडेकरूला द्यावा. तोही बहुधा गावाकडचाच असतो.

शेवटी दोन सूचना. अनुदानासाठी पाट्या भारतात बनलेल्या सेलच्याच हव्यात, तेव्हा स्वस्त माल घेण्याआधी हे लेखी घ्या. अनुदान संच बसून तपासणी झाल्यावर आपल्याच बँक खात्यात येते. ते विक्रेत्याच्या खात्यात वळवतो म्हणणाऱ्याला दाराबाहेर ठेवा. तीन किलोवॉटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता कमी व्याजाने कर्ज देतात, मग सावकाराकडे किंवा भिशीकडे वळायचे कारण नाही.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षभराची बिले आणावीत. कोणाला किती किलोवॉट लागेल, याचा आकडा आपण एकत्र बसून काढू.