पोहता आल्यावरच विहिरीत उतरायचे काय?



आमच्या शाळेतून शिकून गेलेली एका कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करावी अशी तिची इच्छा. परवा तिचे वडील आमच्याकडे आले, ते दोन शेळ्या विकू काय, हे विचारायला! शहरातल्या कोणा क्लासवाल्याने सांगितले म्हणे, "संशोधनाचा अनुभव नसेल तर अर्ज फुकट जाईल. आमच्या पंधरा दिवसांच्या शिबिराचे सर्टिफिकेट घ्या."

आम्ही मराठीतून शिकलेले खेड्यातले मास्तर. परंतु माहितीपुस्तिका आम्हांसही वाचता येते. ती आम्ही मुलीबरोबर ओळीने वाचली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्याने जेथे हा अभ्यासक्रम चालतो, तेथे प्रवेशाला गॅट-बी परीक्षेचे गुण धरतात. आयआयटीत जॅम परीक्षेचे. क्लासवाल्याच्या कागदाला त्यात एकही गुण नाही. संशोधन शिकावयाचे ते एम.एस्सी.तच, त्यासाठीच तर शेवटी प्रबंधाचे काम असते. मग आधीच शिकून या म्हणणारा हा अडत्या कोण?

खरी अडचण निराळीच आहे, व ती कोणी सांगत नाही. गॅट-बीचे पहिले ६० प्रश्न बारावीच्या भौतिक, रसायन, गणित व जीवशास्त्राचे असतात आणि ते सक्तीचे. दुसऱ्या भागात पदवीच्या पायरीच्या १०० प्रश्नांपैकी ६० सोडवायचे. उत्तर चुकले की गुण कापतात. आमची मुले अडतात ती येथे, कारण पुष्कळांनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो. बारावीचे जुने पुस्तक रद्दीच्या भावात मिळते. त्याला शेळी विकावी लागत नाही.

परदेशची गोष्ट वेगळी. तेथे शिफारसपत्रे मागतात, आणि केलेल्या संशोधनाचे वजन पडते. पण ते काम विकत घेतलेले नसावे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात; तीत पैसे भरायचे नसतात, उलट विद्यावेतन मिळते. आणि तीही न मिळाली तर? हरभऱ्याच्या दोन ओळी पेरा, एकीच्या बियाण्याला रायझोबियम चोळलेले, दुसरीच्या नाही. फुलोऱ्याला रोपे हलक्या हाताने उपटून मुळांवरच्या गाठी मोजा. गाठ कापून पाहा. आत गुलाबी असेल तर हवेतले नत्र धरण्याचे काम चालू आहे. आकडे वहीत तारखेने लिहा. मुलाखतीत कोणी विचारले तर ही वही पुढे ठेवायला लाज कसली? सर्टिफिकेटावर प्रश्न आला तर मात्र शिबिरवाला उत्तर द्यायला येणार नाही.

शेळ्या अजून दावणीलाच आहेत. मुलगी रोज संध्याकाळी गणिताला येते. आमचेही पुष्कळ विसरले होते, तेव्हा दोघेही शिकतो आहोत.