शून्याची ओळ गळते तेव्हा

बँकेच्या पासबुकापासून महापालिकेच्या घरपट्टीपर्यंत आज आपली बहुतेक माहिती ज्या पद्धतीने साठवली आणि शोधली जाते, तिचा पाया जून 1970 मध्ये घातला गेला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी त्या महिन्यात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात 11 पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या माहितीसाठ्याचा वापर करणाऱ्याला ती माहिती यंत्रात कशी रचली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये, हे त्यांचे म्हणणे होते. माहिती साध्या तक्त्यांत मांडा, काय हवे ते सांगा, आणि ते कसे शोधायचे हे यंत्रावर सोपवा.

तोवर परिस्थिती उलट होती. अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून घडलेल्या आयएमएस प्रणालीत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी लावलेली असे. कोणत्या फांदीवरून कुठे उतरायचे हे प्रोग्रामरला पाठ असावे लागे. चार्ल्स बाकमन यांनी 1973 च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात प्रोग्रामरला वाट काढणाऱ्या नाविकाची उपमा दिली आणि तिचा अभिमानही बाळगला. कॉड यांना हे नाविकपणच नको होते. पुढच्याच वर्षी दोघांच्या पक्षांत जाहीर वादविवाद झाला. 1974 मध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार आणि नगररचनाकार अशा संगणकतज्ज्ञ नसलेल्या माणसांनाही ती वापरता यावी, हा त्यांचा हेतू होता. बॉइस त्याच वर्षी तरुण वयात गेले. भाषेचे नाव व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे आखडून एसक्यूएल झाले आणि 1986 मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला.

या पाच दशकांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘कसे शोधायचे’ हे ओझे यंत्राने बऱ्याच अंशी उचलले. ‘नेमके काय विचारायचे’ हे मात्र माणसाकडेच राहिले. क्वेरीत, म्हणजे यंत्राला या भाषेत विचारलेल्या प्रश्नात, ज्या चुका आज रोज होतात, त्यांतल्या सर्वांत घातक चुका या उरलेल्या अर्ध्या भागातल्या आहेत.

एक उदाहरण जवळून पाहू. तालुक्यातल्या गावांचे एक टेबल आहे आणि लसीकरणाच्या नोंदींचे दुसरे. जून महिन्यात प्रत्येक गावात किती मुलांना लस मिळाली, हे काढायचे आहे. बहुतेक जण दोन्ही टेबलांचा साधा जॉइन करतात, गावानुसार ग्रुप बाय लावतात आणि मोजणी करतात. यादी सुबक येते. पण ज्या गावात जूनमध्ये एकही नोंद झाली नाही, ते गाव यादीत शून्यासह येत नाही. ते यादीतून गळूनच पडते. ज्या गावाकडे आरोग्य अधिकाऱ्याने सर्वांत आधी धाव घ्यायला हवी, तेच अहवालात दिसत नाही.

जाणकार सांगतो, लेफ्ट जॉइन करा. तो केला तरी महिन्याची अट व्हेअरमध्ये राहिली, तर गाव पुन्हा गळते. कारण नोंद नसलेल्या गावासमोर महिन्याचा रकाना रिकामा असतो आणि रिकामा रकाना ‘जून’शी जुळत नाही. ती अट जॉइनच्या ऑनमध्ये न्यावी लागते. एवढे करून काउंटमध्ये तारांकन ठेवले, तर त्या गावासमोर शून्याऐवजी एक येतो, कारण गावाची स्वतःची ओळ मोजली जाते. मोजायचा असतो तो नोंदींच्या टेबलातला क्रमांकाचा रकाना. एका साध्या प्रश्नात असे तीन खड्डे आहेत, आणि तिन्ही ठिकाणी यंत्र कोणतीही तक्रार न करता उत्तर देते.

हे नवशिक्याचे अज्ञान म्हणून झटकून टाकता येत नाही. वॉन किम यांनी 1982 मध्ये एका क्वेरीच्या पोटात असलेली दुसरी क्वेरी सपाट करून जॉइनमध्ये बदलण्याची रीत मांडली. निबंध महत्त्वाचा ठरला, पण आतल्या क्वेरीत काउंट असला की या रीतीने शून्य मोजणीच्या ओळी हरवत होत्या. ही चूक ‘काउंट बग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. 1987 मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी आउटर जॉइनच्या आधारे तिचे निराकरण केले. क्षेत्रातल्या अव्वल संशोधकाला ज्या जागी ठेच लागली, त्याच जागी आजचा विद्यार्थी अडखळतो. मग ती जागा शिकवण्यातच ठळक करायला हवी.

दुसरी जुनी जखम ‘नल’ची. रकान्यात नल आहे म्हणजे मूल्य माहीत नाही. त्यामुळे एसक्यूएलचे तर्कशास्त्र खरे, खोटे आणि अज्ञात असे तीन पायांवर उभे राहते. मंजूर यादीत ज्यांचा क्रमांक नाही असे अर्जदार शोधायला नॉट इन वापरला आणि मंजूर यादीत एकच क्रमांक नल निघाला, तर उत्तर पूर्ण रिकामे येते. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबर असते: त्या अज्ञात जागी आपलाच क्रमांक नसेल असे ठामपणे म्हणता येत नाही. अधिकारी मात्र समजतो की कोणीही वंचित राहिलेले नाही. इथे नॉट एक्झिस्ट्स वापरणे हा सुरक्षित मार्ग आहे.

मंद क्वेरीची गोष्ट वेगळी. ती निदान लपत नाही. इथे यंत्राला मदत कशी करावी हे पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1979 च्या निबंधापासून समजून घ्यावे. टेबलांची आकडेवारी पाहून प्रत्येक मार्गाचा खर्च अंदाजायचा आणि स्वस्त मार्ग निवडायचा, ही त्यांची रीत आजच्या ऑप्टिमायझरांच्या मुळाशी आहे. म्हणून आकडेवारी शिळी असली की अंदाज चुकतो. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स असूनही अटीत त्या रकान्यातून वर्ष काढणारे फंक्शन लावले, तर साधा इंडेक्स सहसा कामी येत नाही. 1 जानेवारीपासून पुढच्या 1 जानेवारीच्या आधीपर्यंत अशी अट लिहिली की येतो. एक्सप्लेन चालवून यंत्राने कोणती वाट धरली ते वाचणे ही पहिली सवय हवी. दिसेल तिथे इंडेक्स लावत सुटणे हा उपाय नव्हे, कारण प्रत्येक नव्या नोंदीला त्याची किंमत मोजावी लागते.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन हे ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. त्यांच्या गटाने ‘एक्सडेटा’ हे साधन घडवले. बरोबर आणि चुकीची क्वेरी यांची उत्तरे वेगळी पडतील अशी छोटी, नेमकी नमुना माहिती ते तयार करते. त्याच गटाच्या ‘डीब्रिज’ने प्रोग्रामच्या लूपमध्ये एकेक करून सुटणाऱ्या शेकडो क्वेऱ्या एकत्रित रूपात बदलण्याचा मार्ग दाखवला. एक्सडेटामागचा विचार प्रत्येकाने उचलण्याजोगा आहे: क्वेरी बरोबर आहे का, हे तिच्याकडे पाहून ठरवू नका, ती चुकली तर उघडी पडेल अशी माहिती तिच्यासमोर ठेवा.

आज मराठीत प्रश्न टाकला तरी यंत्र क्वेरी लिहून देते. चेंबरलिन आणि बॉइस यांचे स्वप्न त्यांच्या कल्पनेपलीकडे गेले, याचा आनंदच आहे. पण लिहिणे जितके सोपे होईल, तितकी तपासण्याची जबाबदारी वाढते. क्वेरी न वाचता तिचे उत्तर पुढे पाठवणारा माणूस यंत्राच्या नव्हे, स्वतःच्या नावावर चूक जमा करत असतो.

म्हणून महाविद्यालयांना आणि कार्यालयांना आग्रहाची विनंती आहे. क्वेरी शिकवताना उत्तरासोबत पडताळणीलाही गुण द्या. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायला लावा. दुबार ओळी दिसल्या की डिस्टिंक्ट टाकून मोकळे होऊ देऊ नका, त्या कुठून आल्या ते विचारा. नमुना माहितीत शून्य नोंदींचे एक गाव, नल असलेला एक क्रमांक आणि दोनदा आलेले एक नाव मुद्दाम घाला. आणि सरकारी अहवालात तालुक्यात गावे किती आणि यादीत आली किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा. ते जुळत नसतील, तर तो अहवाल सहीसाठी पुढे जाता कामा नये.