गोधडीचा हिशेब

पक्षाच्या एका तालुका शिबिरात अलीकडेच एक लहानसा वाद झाला. महिला आघाडीच्या एका कार्यकर्तीने असे सुचविले की, वस्तीवस्तीत जुन्या कापडातून गोधड्या शिवण्याचे वर्ग घ्यावेत. महागाईच्या दिवसांत पांघरुणाचा खर्च तरी वाचेल. त्यावर एका तरुण कार्यकर्त्याने हरकत घेतली. गरिबाला ठिगळे जोडायला शिकविणे हे समाजवादी पक्षाचे काम नव्हे. उबदार पांघरुणाचा त्याचा हक्क मागणे हे आपले काम, असे तो म्हणाला. टाळ्या दोघांनाही पडल्या आणि प्रश्न तसाच राहिला. तो सोडून देण्याजोगा नाही, म्हणून हा प्रपंच.

गोधडी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. कुठे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी तिचेच दुपटे होते. पण तिच्यामागील विचार पाहण्यासारखा आहे. लुगडे मध्ये विरते, पण काठाकडे टिकून असते. सदऱ्याची कॉलर फाटते, पाठ शाबूत राहते. घरची बाई हे नेमके हेरते, विरलेला भाग आत घालते आणि टिकाऊ भाग वर घेते. वस्तूचा शेवटचा उपयोग संपेपर्यंत तिला टाकाऊ न मानण्याचे हे शहाणपण कोणत्याही नियोजन मंडळाने तिला शिकविलेले नाही.

ज्यांना शिवावयाची आहे त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. कापड आधी धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे. खाली आणि वर सलग सुती लुगडे किंवा साडी घ्यावी, तुकडे आत घालावेत आणि जाडी सर्वत्र सारखी ठेवावी. सांध्यावर सांधा आला की सुई अडते. थर जमिनीवर ताणून अंथरावेत, मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून घ्यावेत आणि मगच कडेपासून आत सरकत जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालावा. ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. विकत आणावयाचे ते सुई आणि दोरा एवढेच.

मग गोधडी फुकट झाली काय? येथेच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे. जुन्या कापडालाही किंमत असते; दारावर येणारी बोहारीण त्यावर भांडे देते, हे कोणतीही गृहिणी जाणते. खरी किंमत मात्र श्रमाची. समजा, एका गोधडीला चाळीस तास लागले. ती आठशे रुपयांना विकली आणि दोऱ्याचे शंभर वजा केले, तर तासाला साडेसतरा रुपये पडतात, आणि त्यात कापडाचे मोल धरलेलेच नाही. शहरातील प्रदर्शनात तिला ‘लोककला’ म्हणून गौरविणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

घरच्यासाठी शिवलेल्या गोधडीची तर मोजदादच नाही. श्रमशक्तीच्या सरकारी पाहणीत प्रत्येकाच्या कामाला संकेतांक असतो. घरकाम सांभाळून सरपण गोळा करणारी, घरच्या वापरासाठी शिवणारी, विणणारी स्त्री संकेतांक 93 मध्ये जाते. आणि 93 म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. तीच गोधडी बाजारात विकली तर ते काम ठरते, लेकराला पांघरली तर ठरत नाही. 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, पुरुष 88. काटकसर, काटकसर म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती बहुधा या 289 मिनिटांतूनच निघालेली असते.

आणि कापड तरी कुठे उरले आहे? 1960 व 1970 च्या दशकांत गिरण्यांवर नियंत्रित दराचे कापड काढण्याचे बंधन होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने सूत आणि कृत्रिम धागा यांना एका पंक्तीत बसविले. आज गरिबाच्या घरची जुनी साडी बहुधा कृत्रिम धाग्याची असते. ती सुईखाली निसटते, घाम टिपत नाही, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. ज्या महाराष्ट्रात कापूस पिकविणारा शेतकरी भावासाठी टाहो फोडतो, तेथेच गोधडीला सुती चिंधी मिळेनाशी व्हावी, हा योगायोग नव्हे. तो धोरणाचा परिणाम आहे.

या संदर्भात अहमदाबादचे उदाहरण स्मरणात ठेवावे. दरियापूर भागातील स्त्रिया गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवीत. चिंध्या व्यापाऱ्याच्या, श्रम त्यांचे आणि दर व्यापारी ठरवील तो. इला भट्ट यांच्या पुढाकाराने 1972 साली कामगार संघटना म्हणून नोंदल्या गेलेल्या ‘सेवा’ने त्यांना संघटित केले. दरवाढ मागताच व्यापाऱ्यांनी काम देणे बंद केले, तेव्हा त्या बायकांनी ‘सबीना’ नावाची आपली सहकारी संस्था उभी केली. चिंधी तीच, सुई तीच; बदलला तो संबंध.

शिबिरातील वादाचे उत्तर आमच्या मते येथे आहे. तरुण मित्राची धास्ती खरी आहे: दारिद्र्याला सद्गुणाचे वस्त्र नेसविले की राज्यकर्त्यांची जबाबदारी आपोआप झाकली जाते. पण महागाईत कुडकुडणाऱ्या घराला क्रांतीपर्यंत थांबा, असे सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही. वर्ग अवश्य घ्यावेत. मात्र प्रत्येक वर्गात सुईदोऱ्याबरोबर एक वहीही ठेवावी. किती तास गेले, कापड कोठून आले, विकल्यास काय मिळाले, हे तीत लिहावे. सुई पुरुष कार्यकर्त्यांनीही हाती घ्यावी; चाळीस तास म्हणजे काय ते भाषणाने कळत नाही. विक्री करावयाची तर एकेकटीने न करता गटाने करावी.

त्या वहीतून आपल्या मागण्या उभ्या राहतील. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत नगावरील कामाचेही किमान दर ठरविण्याची तरतूद आहे; ते दर घरी बसून शिवणाऱ्या स्त्रीच्या हाती प्रत्यक्ष पडले पाहिजेत. घरबसल्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा करार भारताने आजवर मान्य केलेला नाही. तो मान्य करावा, असा ठराव प्रत्येक तालुक्यातून जावा. सुती कापड गरिबाला परवडेल असे धोरण मागावे.

पुढल्या शिबिराला येताना या वह्या सोबत आणाव्यात. वाद त्यांच्या आधारे पुन्हा करू.