अर्धं तिकीट, पूर्ण पेट्रोल

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या गल्लीत माहेरच्या फेऱ्या किती वाढल्या, विचारू नका! सोय उत्तमच, नाव ठेवायला जागा नाही. पण मैत्रिणींनो, एसटी आपल्याला स्टँडवर आणून सोडते. पुढे काय? आमच्या तालुक्याच्या गावात सिटी बस नाही आणि रिक्षा मिळाली तर मिळाली. मुलीचा क्लास, सासूबाईंचा दवाखाना, बँक, दळण, भाजी... सगळं स्कूटीवर. ही काही चैन नव्हे, हीच आपली सिटी बस. तिच्यावरचा कर मात्र पूर्ण.

जरा हिशेब करू. १०० सीसीच्या वरची साधी स्कूटर घेतली की महाराष्ट्रात किमतीच्या अकरा टक्के वाहन कर एकदम भरायचा. लाखाच्या गाडीला अकरा हजार. जीएसटी वेगळा. तो सप्टेंबर २०२५ मध्ये अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, हे मान्य करायलाच हवं. आता दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीचा वाहन कर किती? तोही अकरा टक्केच! वीस लाखांच्या वर गेलं की तेरा. म्हणजे स्कूटरवरून डबे पोचवणारी समोरची वहिनी आणि बंगल्यापुढे भलीमोठी गाडी लावणारे शेठ, यांच्या दरात फरक दोन टक्क्यांचा. त्यातून अतिमहागड्या गाड्यांच्या कराला कमाल मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती वीस लाखांवरून तीस लाखांवर नेली, पण मर्यादा आहेच. वहिनीला कसली मर्यादा?

आणि रस्ता झिजवतं कोण? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून पाहिले होते. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पट होतं, असा त्यातून अंदाज निघाला. आपली शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर काय खड्डे पाडणार? खड्ड्यात पडतो मात्र आपण.

पेट्रोलवरचा कर त्यातल्या त्यात न्यायाचा, असं आमच्याकडे यजमानांचं मत. जो जास्त फिरेल, तो जास्त भरेल. म्हणणं खोटं नाही. पण पेट्रोल जीएसटीत नाही. आधी केंद्राचं उत्पादन शुल्क आणि मग ते धरून राज्याचा व्हॅट, म्हणजे करावर कर. वर अधिभार. तो अधिभार कशाकशासाठी चढला, ते मजेशीर आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे दोन रुपये. दुष्काळ होता, ठीक आहे, दिले. पण एप्रिल २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, सरकारचा महसूल बुडाला आणि पेट्रोल तीन रुपयांनी महागलं! पुढे ऑक्टोबर २०१७ आणि जुलै २०२२ मध्ये काही रुपये उतरले, नाही असं नाही. तरीपण दारूच्या महसुलाची भरपाई दळण आणायला निघालेल्या बाईने का करायची, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

‘इलेक्ट्रिक घे ना, तिला कर माफ आहे,’ असं पुण्याची नणंद सांगते. पण जुनी गाडी अजून चालतेय, ती मोडीत काढून नवी घ्यायला पैसे कोणाकडे आहेत? माफीचा लाभ आधी ऐपतवाल्यांनाच होतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींना सहा टक्के कर सुचवला होता, तोसुद्धा त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

कर नको, असं मी म्हणत नाही. रस्ते काही फुकट होत नाहीत. पण घर बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळतेच ना? मग बाईच्या नावावरच्या पहिल्या, सव्वाशे सीसीपर्यंतच्या स्कूटरलाही कर निम्मा करा. तूट येईल ती कमाल मर्यादा काढून वरच्यांकडून घ्या. यात आणखी एक फायदा आहे. आज चालवतो आपण, पण आरसी बुकावर नाव बहुतेक घरांत यजमानांचं. निम्म्या करासाठी तरी ते आपलं लागेल!

आणि हे जमत नसेल, तर आमच्या गावात स्टँडपासून दवाखाना, शाळा, बाजार अशा दोन मिनीबस सकाळ-संध्याकाळ सोडा. मग अकरा टक्के खुशाल घ्या.